इनेझची पांढरी पाटी

वसईकडच्या आमच्या नंदाखालच्या वाडीत इनेझ तुस्कानोचं टोपणनाव होतं ‘कशावरून’. ते तिच्या पपांनीच, गॅब्रिएलकाकांनी, ठेवलेलं. यंदा पाऊस लवकर येणार असं कोणी म्हणालं, विहिरीचं पाणी गेल्या वर्षीपेक्षा गोड लागतंय असं कोणी म्हणालं, की ही दोन वेण्यांची पोर मान वाकडी करून विचारायची, “कशावरून?” त्यात उद्धटपणा नसे. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असे. आमची आणि त्यांची वाडी शेजारीशेजारी, मधे एक शेवगा आणि बागेला पाणी नेणारा पाट. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सहावीत होती. पहिल्याच आठवड्यात कुंपणातून डोकं घालून म्हणाली, “वहिनी, तुम्ही बी. ए. झालात म्हणे. कशावरून?” मी हसत हसत पदवीचा कागद आणून दाखवला. तिनं तो पुरता वाचला, शिक्का निरखला आणि म्हणाली, “बरं.” तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

गॅब्रिएलकाका सुकेळी करत. राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, रात्री झाकायची, पुन्हा उन्हात घालायची, मधासारखा रंग आला की उतरवायची. तो रंग ठरवायला काकांची एक युक्ती होती. एका खूप चांगल्या सालातलं एक सुकेळं त्यांनी काचेच्या बरणीत ठेवलं होतं. दरवर्षी नवा माल खिडकीपाशी नेऊन त्या सुकेळ्याशेजारी धरायचे. जुळलं की झालं. साऱ्या आळीत त्या बरणीला मान होता.

इनेझ असेल दहाबारा वर्षांची. एकदा बरणीकडे बघता बघता म्हणाली, “पपा, हे सुकेळं दरवर्षी थोडं काळं पडत असेल ना?”

“पडत असेल.”

“मग तुम्ही दरवर्षी थोडी जास्त काळी सुकेळी करताय.”

काकांनी नंतर ती बरणी रिकामी केली आणि आमच्या ह्यांना पाराजवळ गाठून म्हणाले, “पोरीनं माझा न्यायाधीशच नापास केला रे.” सांगताना मात्र मिशीत हसत होते.

हे सगळं एवढ्या तपशिलानं सांगते, कारण पुढे इनेझला जी नोकरी मिळाली ती याच प्रश्नाची होती. फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाली आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक म्हणून लागली. काम काय, तर आकाशातून जमिनीची चित्रं घेणाऱ्या उपग्रहांचे डोळे तपासायचे.

आम्हाला हे कळायला वेळ लागला. माझ्या ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत तिनं समजावलं ते असं. अमेरिकेचे उपग्रह कितीतरी वर्षं पृथ्वीभोवती फिरतायत, शेतं, जंगलं, खाड्या टिपतायत. पण वर गेलेल्या यंत्राचा डोळाही माणसासारखाच हळूहळू मंदावतो. एका सालात त्यानं सांगितलं की ही जमीन इतकी उजळ आहे, आणि पाच वर्षांनी सांगितलं की तीच जमीन थोडी काळवंडली, तर काळवंडलं कोण? जमीन की डोळा? वर जाऊन पुसून तर येता येत नाही. म्हणून जिचा उजळपणा फारसा बदलत नाही अशी एखादी जागा निवडायची, उपग्रह डोक्यावरून जाईल नेमक्या त्याच वेळी तिथे उभं राहून हातातल्या यंत्रानं त्या जागेचा उजेड मोजायचा आणि मग वरच्याचा आकडा खालच्याशी ताडून बघायचा.

“म्हणजे बरणीतलं सुकेळं,” मी म्हणाले.

“हो, पण न बदलणारं,” ती म्हणाली. “आणि ते बदललं नाही हे दर वेळी तपासायचं.”

त्यासाठी तिच्याकडे एक पांढरी पाटी होती. हातभर रुंद, चौकोनी, एका बाजूनं दुधासारखी पांढरी पण चमक अजिबात नाही, खडूनं माखल्यासारखी. आधी यंत्र त्या पाटीवर धरायचं, मग जमिनीवर, मग पुन्हा पाटीवर. पाटी किती उजेड परत फेकते ते प्रयोगशाळेत मोजून ठेवलेलं. त्यावरून जमिनीचा हिशेब निघायचा. पाटीला बोट लावायचं नाही, तिच्यावर शिंकायचं नाही, तिच्यावर सावली पडू द्यायची नाही. ती मखमलीच्या पेटीत राहायची आणि इनेझ ती पेटी अशी घेऊन यायची, की पाहणाऱ्याला वाटावं आत फादरांनी आशीर्वाद दिलेलं काहीतरी आहे.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये आपला स्वतःचा पाहणी करणारा उपग्रह वर गेला आणि इनेझची गडबड उडाली. नव्याचा डोळा जमिनीशी ताडायचा होता, शिवाय जुन्या अमेरिकनाशीही जुळवायचा होता, नाहीतर दोघांची चित्रं शेजारी ठेवून वाचता आली नसती. साहेबांची नजर दूरच्या वाळवंटावर होती. इनेझनं सुचवलं जूचंद्रचं मिठागर. उन्हाळ्यात खाडीकाठच्या खाजणभर पसरलेलं पांढरंशुभ्र मीठ, सपाट, आणि मुंबईहून सकाळी निघून दुपारी परत येण्यासारखं. साहेबांना फारसं पटलं नव्हतं. ते म्हणाले, “पावसाआधी एक स्वच्छ मोजणी आणून दाखव. जमलं तर मिठागर आपल्या जागांमध्ये घेऊ, आणि तिथलं काम पुढची वर्षं तुझ्याकडे.” तिची नेमणूक होती प्रकल्पापुरती, जूनअखेरपर्यंत. मिठागर गेलं तर नोकरीही गेली, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

नवा उपग्रह आमच्या माथ्यावर यायचा बावीस दिवसांनी एकदा, सकाळी साडेदहाच्या सुमारास. पावसाचा हिशेब धरला तर एप्रिलची एक फेरी आणि मेची एक, एवढंच हातात होतं.

एप्रिलची फेरी पांडुरंगनं घालवली, आणि तीही प्रेमानं. पांडुरंग मिठागराचा मुकादम, जूचंद्रचाच आगरी माणूस, साठीला आलेला, इनेझला ‘बाय’ म्हणणारा. तिनं आदल्या आठवड्यात त्याला सांगून ठेवलं होतं की वरून पाहणी होणार आहे. मीही बघायला म्हणून सोबत गेले होते. पोचलो तर सगळ्या कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, खरवडून साफ, आणि त्यांत ताजं खारं पाणी सोडलेलं. आरशासारखं लखलखत होतं सगळं. ऊन डोळ्यांत खुपत होतं.

“पांडुरंगकाका, मीठ कुठे गेलं?”

“काडला ना. पावना येनार तं मंग जुना मीठ कसा दाखवाचा? नवा पानी सोरला. बग कसा झ्याक दिसतंय.”

इनेझ बांधावर बसली. मला वाटलं रडते की काय. पण ती हसत होती. पांडुरंगला म्हणाली, “काका, ह्या पाहुण्याला घर आवरलेलं चालत नाही. जसं आहे तसं ठेवायचं. पुढच्या वेळी पाणी नको, सगळ्या कोंड्या कोरड्या, मीठ पसरलेलं.”

“सगल्या?”

“सगळ्या. त्याला एक कोंडी दिसत नाही. त्याच्या डोळ्यातला एक ठिपका म्हणजे आपल्या चर्चसमोरचं अख्खं मैदान.”

“मंग आमी फोटूत येनार नाय?” पांडुरंग खट्टू झाला. कामकरी बायांना त्यानं त्या दिवसासाठी नवी लुगडी नेसून यायला सांगितलं होतं.

आता मेची फेरी, आणि मेमध्येच इनेझचं लग्न. मुलगा उमेळ्याचा, मार्सेल, वसईत बँकेत होता. उंच, शांत, विचारल्याशिवाय न बोलणारा. त्याची आई मार्थामावशी मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. मनानं फार चांगली बाई, पण इनेझच्या नोकरीचं तिला कोडं होतं. ऑफिसात पंख्याखाली बसते म्हणाली असती तर चाललं असतं. ही उन्हात मिठावर उभी राहते, आणि त्यातही काळे कपडे घालून.

काळ्या कपड्यांचं असं, की मोजणाऱ्याच्या अंगावरच्या रंगाचा उजेड पाटीवर पडतो आणि आकडा बिघडतो. म्हणून काळा सदरा, काळा परकर, डोक्याला काळा रुमाल. मार्थामावशीनं पहिल्यांदा तिला त्या वेषात पाहिलं तेव्हा हातातली टोपलीच खाली ठेवली होती.

“कोण गेलं गो?”

“कोणी नाही मावशी. कामाचे कपडे आहेत.”

“लग्न ठरलेल्या मुलीनं काळं? नवरा मेल्यावर मी नेसले काळं. वर्षभर. तू कशापायी?”

इनेझनं उजेडाचं सगळं समजावलं. मावशी ऐकून घेत होती, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाली, “संपू दे ते एकदाचं जूनमध्ये.” नोकरी संपण्याबद्दल ती असं बोलायची, जशी आपण मुलाचा खोकला जाण्याबद्दल बोलतो.

मेच्या फेरीला तिच्या ऑफिसातला सहायक रजा टाकून गावी आंबे खायला गेलेला, म्हणून आकडे टिपून घ्यायला तिनं मला बोलावलं. आदल्या संध्याकाळी मी वसई रोडला माहेरच्या कामाला गेले होते, तिथेच ती मला मुंबईहून येताना भेटली, पेटी आणि यंत्र घेऊन. हे सगळं नंदाखालला नेऊन सकाळी पुन्हा इकडे आणण्यापेक्षा वाटेवर उमेळ्याला मार्सेलच्या घरी ठेवावं असं ठरलं. चर्चमध्ये लग्नाची जाहीर सूचना म्हणून दोघांची नावं पुकारून झाली होती. अशा मुलीनं लग्नाआधी नवऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून इनेझ ओट्याखालीच उभी राहिली आणि पेटी मार्थामावशीच्या हाती दिली.

“मावशी, जपून हं. फार महत्त्वाची आहे.”

“माझ्या घरात तुझी वस्तू म्हणजे काय रस्त्यावर पडलीय?”

घरात लग्नाची धांदल होती. भिंतींना चुना लावून झाला होता. अंगणात दोरीवर पडदे, टेबलक्लॉथ, वेदीवरची चादर, सगळं धुऊन वाळत होतं, आणि दगडी कुंडीत नीळ कालवलेली. आमच्याकडे पांढरं कापड नीळ घातल्याशिवाय पांढरं होतच नाही. त्याशिवाय ते नुसतं धुतलेलं. मी जाताजाता त्या चादरींकडे कौतुकानं पाहिलं होतं. कसलीही शंका मनात आली नाही.

सकाळी आम्ही पेटी घ्यायला गेलो. मार्थामावशी लाल चौकड्यांचं लुगडं नेसून ओट्यावरच वाट पाहत होती, चेहरा खुललेला. तिनंच पेटी उघडून दाखवली.

“बघ. आता तुझे साहेब नाव नाही ठेवणार.”

पाटी झळकत होती. साबणानं घासलेली, निळीच्या पाण्यातून काढलेली, कोपऱ्यांना तर नारळाच्या काथ्यानं चोळलेलं. ठिकठिकाणी मुलामा उडाला होता, जिथे होता तिथे फिकट निळी झाक, आणि अजून ओलसर. माझ्या डोळ्यांना, खरं सांगते, ती आधीपेक्षा पांढरी दिसली.

इनेझनं पाटी तिरपी धरली, उन्हात फिरवली, पुन्हा खाली ठेवली. मार्सेल चहाचा कप हातात घेऊन दारात आला होता, तो तसाच थांबला.

“काय झालं?” मावशीचा आवाज उतरला. “किती मळकट होती गो. पिवळट. म्हटलं, हिच्या साहेबांना वाटेल, कसल्या घरात मुलगी देतायत.”

“मावशी, ती तशीच असते,” इनेझ म्हणाली. “डोळ्याला नीळ पांढरी वाटते. यंत्राला वाटत नाही. ते लाल उजेड वेगळा मोजतं, निळा वेगळा.”

“मग आता?” मार्सेलनं विचारलं.

“आता काही नाही. हिचा आकडा धरता येत नाही. नंतर तपासून दुरुस्त करावा म्हटलं तर एका कोपऱ्यात एक, दुसऱ्यात दुसरं. वाळताना अजून बदलेल.” ती पाटी पेटीत ठेवायला लागली. पेटीची कडी तिला लागेना.

मार्थामावशी ओट्यावर बसली. जूनमध्ये संपू दे असं ती सगळ्या गावादेखत म्हणत आली होती, आणि आता संपवलं होतं तिच्याच हातानं. आम्ही सगळेच ते मनात म्हणत असणार, कारण तिनं एकदम इनेझकडे पाहिलं. “मी मुद्दाम नाही केलं.”

“माहीत आहे मावशी.”

“कशावरून?”

ती हा प्रश्न विचारेल असं कोणाला वाटलं नव्हतं. इनेझनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग पाटीकडे. “मुद्दाम केलं असतं तर कोपरे इतके घासले नसते.”

मावशीनं पदरानं नाक पुसलं. म्हणाली, “ह्यावर असतं तरी काय लावलेलं? चुना?”

“बेरियमची पूड असते. बाजारात मिळत नाही.”

“बेरियम?” मावशी ताठ झाली. “पांढरं, खडूसारखं, चव ना ढव?”

“चव... असेल. का?”

“मी प्यायलेय ते. दोन पेले. गेल्या वर्षी पोटाचा एक्स-रे काढला तेव्हा निकोलस डॉक्टरनं पाजलं. पापडीच्या दवाखान्यात. नाव विचारून घेतलं होतं मी, काय पाजतोस म्हणून.”

इनेझच्या तोंडाकडे बघण्यासारखं होतं. “तेच,” ती म्हणाली. “तेच असतं. पण मावशी, नुसतं हवं. वास, रंग, गोडी घातलेलं नको.”

“मार्सेल, स्कूटर काढ.”

“आय, मी जाऊन आणतो ना.”

“तुला काय सांगता येणार? तू डॉक्टरसमोर उभा राहून जमिनीकडे बघशील. त्या डॉक्टरच्या बारशाला फुगे तळले ते मी.” फुगे म्हणजे आमच्याकडच्या सणासमारंभांतले गोल फुगलेले, तळलेले पाव. मावशी आत गेली ती केकचा चौकोनी डबा घेऊनच बाहेर आली, झाकणासकट. “हा चालेल? तळ सपाट आहे. कशावरून विचारू नको, लग्नाचा केक ह्यातच होणार आहे.”

ती लुगडं सावरून स्कूटरवर आडवी बसली, डबा छातीशी धरून, आणि मार्सेल तिला घेऊन गेला. आम्ही यंत्र घेऊन रिक्षानं जूचंद्र गाठलं.

पांडुरंगनं शब्द पाळला होता. कोंड्या कोरड्या, मीठ जाडसर, एकसारखं पसरलेलं, नजर पोचेल तिथवर. बायांना त्यानं झोपडीमागे बसवलं होतं आणि कोणी पाऊल टाकू नये म्हणून स्वतः बांधावर काठी घेऊन उभा. इनेझनं यंत्र तिवईवर चढवलं, सूर्याकडे रोखायचं दुसरं यंत्र लावलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. समुद्राच्या बाजूनं एक ढग निघाला होता. फार मोठा नव्हता. एखाद्या घरच्यासारखा निवांत येत होता.

“बाय, तो ढग कुनाचा?” पांडुरंगनं विचारलं.

“तो आपला नाही काका.”

“मंग त्याला सांग ना.”

इनेझ हसली, पण रस्त्यावरून नजर काढली नाही. मला म्हणाली, “वहिनी, नाही आले तर नाही. पण मी मावशींना कधी बोलणार नाही ह्याबद्दल. लग्नानंतर भांडण झालं तरी.” मी म्हटलं, “कशावरून?” तर म्हणाली, “ते मात्र तेव्हाच कळेल.”

स्कूटर आली. मावशी उतरायच्या आतच मार्सेल, कधी न बोलणारा मार्सेल, सांगायला लागला, “डॉक्टर म्हणाले, पेशंट कोण? आय म्हणाली, उपग्रह.”

“खोटं का बोलू?” मावशीनं पिशवीतून दोन पुडे काढले. “त्याच्याकडे गोड वासाचंही होतं, ते घेतलं नाही. हे जुन्या पद्धतीचं आहे, मी प्यायले ते. मला वाटलेलं कटकट करेल, पण त्यालाच उत्सुकता. ऊन नसतं तर सोबत आला असता.”

पांडुरंगच्या झोपडीत डबा पुसून ठेवला. मावशीचा हात सवयीनं कंबरेच्या बटव्याकडे गेला. तिनं लोण्याचा कागद आणला होता, डब्याला आतून चोळायला.

“लोणी नको मावशी,” इनेझ म्हणाली. “चिकटलं तर चिकटू दे.”

“केक निघणार कसा मग?”

“काढायचाच नाहीये.”

पूड ओतली. इनेझनं दाबायला घेतली, पण तिचा हात जरा जड पडत होता आणि मधे खड्डा होत होता. मावशीनं तिला कोपरानं बाजूला केलं. वर कोरा कागद ठेवला, वाटीच्या तळानं कडेपासून मधोमध दाबत आणली, खोबऱ्याच्या वड्या थापतात तशी, डबा फिरवत फिरवत, दर फेरीला थोडी पूड भुरभुरत. मग कागद हळूच उचलला. सपाट, मऊ, चमक नाही. इनेझ वाकून तिरपी बघत होती. “अजून थोडी त्या कोपऱ्यात,” ती म्हणाली. मावशीनं घातली. “आता?” “आता बरं.” तिचं ‘बरं’ मी पदवीच्या कागदापासून ओळखते. ते ती फुकट देत नाही.

उरलेली पूड पुड्यातच बांधून ठेवायला तिनं मार्सेलला सांगितलं. प्रयोगशाळेत तशीच दाबून मोजली म्हणजे डब्याचा नेमका आकडा मिळणार होता.

मिठावर वारा होता, म्हणून डब्यावर झाकण. ते धरून बसली मावशी. घड्याळ साडेदहाकडे सरकत होतं. ढग मिठागराच्या कडेला येऊन रेंगाळला. इनेझनं यंत्राची दोरी गळ्यात घातली. मी बांधामागे वही घेऊन, काळी शाल लपेटून, घामानं निथळत.

“मावशी, आता झाकण काढा आणि लांब जा. झोपडीपर्यंत.”

“का?”

“तुमचं लुगडं लाल आहे. त्याचा उजेड पडेल.”

मावशीनं लुगड्याकडे पाहिलं, पांढऱ्या डब्याकडे पाहिलं, इनेझच्या काळ्या सदऱ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे तिला ते कळलं असावं. इतके दिवस समजावून जे झालं नव्हतं ते. दोन्ही हातांत लुगड्याच्या निऱ्या आवळून, जणू लाल रंग सांडेल, अशी ती मिठावरून झोपडीकडे निघाली.

डबा, मीठ, मीठ, मीठ, डबा. इनेझ आकडे सांगत होती आणि मी लिहीत होते. ढगाची सावली शेवटच्या कोंडीच्या पलीकडून खाडीवर गेली. कामकरी बाया तिला हातानं हाकलत होत्या. वर काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. एक बगळा मात्र मिठावर उतरू बघत होता, त्याला पांडुरंगनं काठी दाखवली. मग इनेझनं यंत्र खाली केलं आणि ती म्हणाली, “गेला.”

“बस? एवढंच?” पांडुरंग म्हणाला. “चा पन नाय घेतला.”

पुढच्या आठवड्यात ती डबा, पुडा, आणि बिघडलेली पाटी घेऊन ऑफिसात गेली. साहेबांनी आधी पाटी यंत्राखाली धरली आणि बराच वेळ कागदावरच्या रेषेकडे बघत राहिले. “ही निळी कोणी केली?”

“घरी लग्न आहे, सर,” इनेझनं सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनाही घर असेल. मग तिनं केकचा डबा काढला. पूड तिथे पुन्हा तशीच दाबून, त्यांच्या मुख्य पाटीशी ताडून पाहिली. तीन वेळा दाबली, तिन्ही वेळा आकडा जवळजवळ तोच आला. उपग्रहाचा आकडा काही दिवसांनी हाती पडला, तो मिठाच्या आकड्याशी असा बसला की साहेबांनी वाळवंटाचा विषय काढला नाही. पाटी बिघडल्याबद्दल तिला एक कडक पत्र मिळालं आणि त्याच महिन्यात पुढच्या तीन वर्षांच्या कामाचंही.

लग्न थाटात झालं. केक दुसऱ्या डब्यात करावा लागला, गोल, शेजारून मागून आणलेला. मार्थामावशी कारण विचारणाऱ्याला सांगायची, “आमचा चौकोनी सरकारकडे आहे.”

इनेझ आता उमेळ्यालाच असते. मिठागर तिथून जवळ. गेल्या मार्चमध्ये मीठ पुन्हा धरलं आणि पहिल्या फेरीला मी मुद्दाम गेले. नवी पाटी आली होती, पेटीला कुलूप, किल्ली इनेझच्या गळ्यात. डबाही सोबत होताच. दोन्हींवर मोजायचं अशी आता पद्धतच पडली होती. बसस्टॉपवर मार्थामावशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. काळं लुगडं, काळी चोळी, डोक्याला काळा रुमाल. नवऱ्यासाठी नेसलेलं वर्षभराचं काळं तिनं पेटीतून काढलं होतं.

कामणकडे निघालेली कोणी ओळखीची बाई घाबरून जवळ आली. “मार्थाबाय, कोण गेलं गो?”

“कोणी गेलं नाही,” मावशी सरकून तिला जागा देत म्हणाली. “यायचाय अजून. साडेदहाला.”